राखाडी मोराचा शेवट

१. रिकामी डबी

शनिवारी सकाळी जगन्नाथरावांनी दिवाणखान्यातलं कपाट उघडलं, आतली काळी डबी काढली, कपाळाला लावली, उघडली आणि तिथेच मटकन खाली बसले. डबीत डिस्क नव्हती.

"तृप्ते," ते म्हणाले, "घात झाला."

त्यांची भाची तृप्ती तोंडात ब्रश घेऊनच धावत आली. तिला वाटलं, मामांचे डोळे गेले. बुधवारी संभाजीनगरला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी 'करून बघू' यापलीकडे काही कबूल केलं नव्हतं. उजव्या डोळ्याला नुसता उजेड कळायचा. सगळी मदार डाव्यावर, आणि आता तोही रुसायला लागला होता. पण या घडीला मामांना सगळं दिसत होतं. दिसत नव्हती ती फक्त डिस्क.

आता या डिस्कचं प्रकरण मुळापासून सांगायला हवं. इटलीत पूर्वी स्वस्तातल्या रहस्यकथा पिवळ्या वेष्टणात विकत. म्हणून काळे हातमोजे, वस्तरा आणि भलतंच गोड संगीत असलेल्या तिथल्या खुनी सिनेमांनाही लोक 'पिवळे' म्हणायला लागले. त्या पिवळ्यांतला एक अवलिया दिग्दर्शक म्हणजे ओर्सो वाल्दानी. खुद्द इटलीत आता त्याला फारसं कुणी विचारत नाही. पण जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानाच्या वरच्या मजल्यावर, दर रविवारी दुपारी जगन्नाथरावांच्या घरी त्याच्या भक्तांचं 'पिवळं मंडळ' भरतं आणि त्याचा कोणता सिनेमा सगळ्यात थोर यावरून चार सभासद एकमेकांच्या उरावर बसतात. खालच्या दुकानदाराचा बरीच वर्षं समज होता की वाल्दानी हे कुणी सिंधी व्यापारी होते आणि वरचे लोक दर आठवड्याला त्यांची शोकसभा घेतात.

मंडळाचे संस्थापक जगन्नाथराव. अंबडच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. चाळीसेक वर्षांपूर्वी, लग्नाची हळदही पुरती उतरली नव्हती तेव्हा, त्यांनी इथल्याच एका व्हिडिओ पार्लरात वाल्दानीचा 'राखाडी मोर' पाहिला. नव्या नवरीलाही नेलं होतं, देवाचा पिक्चर आहे असं सांगून. त्या सिनेमात खुनी शिट्टीवर एक पाळणागीत वाजवतो. चार ओळींचं. पण चौथ्या ओळीच्या मध्यावर दर वेळी कुणीतरी किंचाळतं आणि गीत तुटतं. अखेरीस मोराचा मुखवटा घातलेला खुनी जिन्याच्या वर उभा राहतो, पहिलं पाऊल खाली टाकतो, आणि पडद्यावर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव आला. पार्लरवाल्याने त्याच कॅसेटवर आपल्या मेव्हण्याची हळद भरून घेतली होती.

पुढे जेवढ्या प्रती मिळाल्या त्यांचा शेवट कुठल्या ना कुठल्या सेन्सॉरने कापलेलाच होता. खुनी कोण, हा प्रश्न मामांनी संसाराबरोबर सांभाळला. आणि परवा गुरुवारी, इटलीतल्या तुरीन गावच्या एका म्हाताऱ्या दर्दी माणसाने, ज्याच्याशी मामांची इंटरनेटवर मैत्री जमली होती, पाठवलेली अख्ख्या सिनेमाची डिस्क कुरिअरने घरी आली. शेवटासकट. उद्या रविवारी मंडळ ती बघणार होतं. बुधवारनंतर मामांना बघता येईल की नाही, ते देव जाणे.

"तेवढं एक बघायचं राहिल्तं," मामा डबीकडे बघत म्हणाले. "ते बघितलं की मंग डोळे गेले तरी चालले असते."

स्वयंपाकघरातून भांडं आदळल्याचा आवाज आला. "चालले असते म्हणे," तारामामी आतून म्हणाली. "मंग तुमचा हात धरून मी फिरू का तो वाल्दानी येणार इटलीहून?"

मामा उठले. कोर्टात उभे राहायचे तसे उभे राहिले. "तृप्ते, विम्याचे चोर तू बराबर पकडतीस. हा बी पकड. उद्या दुपारच्या आत."

२. सगळ्यांकडे हातमोजे

तृप्ती मामांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. पीकविमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करायची आणि नोकरीपुरती मामांकडे राहायची. सोयाबीनचं पान गोगलगायीने खाल्लं की शेळीने, हे ती पानाच्या कडेवरून सांगायची, आणि त्यामुळे जांब समर्थपासून अंबडपर्यंत तिच्यावर नाराज असलेले शेतकरी बरेच होते. पण पडद्यावरचं रक्त मात्र तिला सोसत नसे. मंडळाच्या बैठकीत ती डोक्यावरून शाल घेऊन बसायची. वाल्दानीचे सगळे सिनेमे तिने असे ऐकले होते. पाहिला एकही नव्हता.

शुक्रवारी मामा डोळे दाखवायला दिवसभर संभाजीनगरला होते आणि तृप्ती शिवारात. तेवढ्या वेळात घरी मंडळाचे तिघेही येऊन गेले होते. सोमेश्वर मामांना न्यायला आला आणि संध्याकाळी सोडायलाही. गंधाली दुपारी मामांचा चष्मा द्यायला आली. मच्छिंद्र ड्यूटी संपवून कढीपत्ता ठेवून गेला. तिघांनाही दिवाणखान्यात एकटं बसायला मिळालं होतं, कारण तारामामी पाहुण्याला पाणी देऊन लगेच आत जाते, हे सगळ्यांना माहीत.

पहिली गंधाली. दातांची डॉक्टर, बडबडी, मंडळात सगळ्यात लहान. तृप्ती दवाखान्यात गेली तेव्हा ती एका शेठजींच्या दाढेत मशीन घालून उभी होती आणि तोंडाने तेच पाळणागीत गुणगुणत होती. तीन ओळी, चौथीचं निम्मं, मग मशीनची घरघर. शेठजींना त्या गाण्याचा इतिहास माहीत नव्हता म्हणून बरं.

"मी चोरली असती तर 'सात सुया, एक बोट'ची चोरली असती," ती म्हणाली. "काय रंग आहेत त्यात. लाल बघावा तर त्यातला. 'राखाडी मोर' चांगलाय, पण काकांनी त्याला उगाच डोक्यावर बसवलंय. आणि खुनी धाकटी बहीणच आहे, त्यात बघायचं काय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू हातमोजे बघ. काळे हातमोजे ज्याच्याकडे, तो आपला माणूस."

तृप्तीने तिच्या हातांकडे बघितलं.

"हे निळे आहेत," गंधाली म्हणाली.

सोमेश्वर अंबड रस्त्याला आपल्या मोसंबीच्या बागेत फवारणी करत होता. कोपरापर्यंत काळे रबरी हातमोजे. शिट्टी मारत होता ती तीच, आणि तुटत होती तीही तिथेच, कारण तिथे तो पंपाचा दट्ट्या दाबायचा.

"ताई, मी कशाला चोरू?" तो म्हणाला. "मला तर 'विधवेच्या बागेतली गोगलगाय'च्या पुढं सगळे फिके वाटतेत. बाग कशी दाखवावी ते त्या माणसाला कळत होतं. एकेका पानाला जीव. 'राखाडी मोर'मधी काय आहे? जिनेच जिने. आणि त्यातल्या माळ्यावर उगाच संशय घेऊन राह्यले लोक. शेतात राबणारा माणूस असा खून करत न्हाई. त्याला तेवढा टाइमच न्हाई. डॉक्टरच आहे तो, लिहून घ्या."

"तुम्ही शुक्रवारी मामांना घेऊन गेल्ता ना?"

"गेल्तो. येताना एकच गोष्ट बोलले. 'सोमेश्वरा, शेवट बघितला की सुटलो.' मला कसंतरीच झालं ऐकून." त्याने हातमोज्याने डोळे पुसायला हात वर नेला आणि औषधाचा वास आला तसा खाली घेतला.

मच्छिंद्र जालना-अंबड गाडीवर कंडक्टर. त्याच्याशी बोलायचं तर तिकीट काढावंच लागतं. ओळखीचा माणूस फुकट नेला तर नोकरी जाईल असं तो प्रत्येक ओळखीच्या माणसाला सांगतो. परतीच्या गाडीत तृप्तीला त्याच्या शेजारची जागा मिळाली. सीटवर त्याचे मोटारसायकलचे हातमोजे पडले होते. काळे. चामड्याचे.

"'अखेरची ट्राम'," मच्छिंद्र बोट वर करून म्हणाला. "बाकी सगळं झूट. अख्खा पिक्चर ट्राममधी. त्याच्यातला कंडक्टर पयल्या दहा मिनिटांत मरतो, तेवढं एक खटकतं मला. साधी चौकशी करत न्हाई कुणी." त्याने शिट्टी मारत गर्दीतून वाट काढली. तीन ओळी, चौथीचं निम्मं, आणि मग टण टण घंटी. परत येऊन म्हणाला, "मॅडम, 'राखाडी मोर'मधला खुनी त्या घरचा डायवर आहे. आणि तुमचा चोर म्हणाल तर सोमेश्वर. रबराचे हातमोजे आहेत त्याच्याकडं, मी बघितलेत."

तिघांना भेटून तृप्तीला तीन खुनी मिळाले. चोर एकही नाही.

३. बिनपापडाची खिचडी

संध्याकाळी मामा हात धुऊन ताटावर बसले आणि ताटाकडे बघून म्हणाले, "पापड?"

"संपले," मामी म्हणाली.

"संपले कसे? नंदाबाईनं गेल्या आठवड्यात तर डबा भरून पाठविल्ते अंबडहून."

"संपले म्हंजे संपले. भजे देते तळून." आणि तिने तळून दिलेही.

नंदाबाई म्हणजे मामीची बहीण. तिचा पापडांचा डबा पंगतीला पुरला असता. पण मामांचं डोकं चोरीत गुंतलेलं. त्यांनी भजं मोडलं आणि पुन्हा खटला चालू केला. काळे हातमोजे तिघांकडे आहेत. ("निळे," तृप्ती म्हणाली.) लहानपणी मनावर आघात कुणाच्या झाला, ते काढलं पाहिजे. वाल्दानीच्या प्रत्येक सिनेमात खुन्याच्या मनावर लहानपणी आघात झालेला असतो.

"सोमेश्वर लहानपणी विहिरीत पडल्ता," मामा म्हणाले.

"तो पोहायला पडल्ता," मामी ओट्याशी पाठ करून म्हणाली. "गपचीप जेवा."

ती पुन्हा कढईकडे वळली. तीही तेच गुणगुणत होती. या घरात राहणाऱ्याला ते सूर चिकटतातच, कुणाचा इलाज नाही. ओळ पुरी झाली तसं तिने कढईवर झाकण ठेवलं आणि गॅस बंद केला.

मामा जेवून उठले. उठताना खुर्ची समजून त्यांनी हवेला हात लावला आणि तोल सावरला. मामीने ते बघितलं. तृप्तीने ताट बाजूला सारलं. उद्या ती डिस्क मिळाली नाही, आणि बुधवारी डॉक्टरांचं 'करून बघू' फसलं, तर या माणसाची चाळीस वर्षं त्या मेव्हण्याच्या हळदीतच संपणार होती.

रविवारी सकाळी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. खाली गल्लीत कुणाच्या तरी मोबाइलवर भजन लागलं होतं. ते मध्येच बंद पडलं आणि तृप्तीचं मन आपोआप पुढची ओळ म्हणून गेलं. माणसाच्या कानाला अर्धवट गाणं सोसत नाही. पुढचं माहीत असेल तर कान ते पुरं करतोच.

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

गंधाली मशीन लावते तिथे तुटतं. सोमेश्वर दट्ट्या दाबतो तिथे तुटतं. मच्छिंद्रची घंटीही तिथेच वाजते. तिघांचंही चौथ्या ओळीच्या मध्यावरच तुटतं, कारण पुढचं त्यांनी कधी ऐकलेलंच नाही. पाळणागीत पुरं होत असलंच तर ते सिनेमाच्या शेवटात, आणि तो शेवट फक्त त्या डिस्कवर.

आणि काल, याच घरात, कुणीतरी ते पुरं केलं होतं.

४. लाल बूट

तरी तृप्तीने स्वतःलाच दटावलं. अर्धवट चाल कुणीही आपल्या मनाने पुरी करू शकतं. शेळीने खाल्लेलं पान दुरून गोगलगायीचंच वाटतं. पुरावा हवा. आणि पुरावा काढायची रीत तिला मंडळानेच शिकवली होती. वाल्दानीच्या भक्ताला चोर म्हणा, तो हसेल. खुनी म्हणा, खूश होईल. पण त्याच्यासमोर सिनेमातला एक तपशील चुकीचा सांगा. तो फासावर जाईल, पण चूक दुरुस्त करूनच जाईल.

दुपारी मंडळ भरलं. मामा त्यांच्या खुर्चीत, समोर टीव्ही बंद. तिघे सभासद एकमेकांच्या हातांकडे संशयाने बघत बसलेले. आतून चहाला उकळी आल्याचा आवाज येत होता. या घरातला चहा हाही एक चमत्कारच होता. बैठकीत सिनेमा चालू असताना तो कधीच खुनाच्या मध्ये आला नाही. खून होऊन गेला, प्रेत सापडलं, लोकांनी श्वास सोडला, की कपबशा वाजायच्या. शालीखाली बसून तृप्तीने ते कितीदा तरी ऐकलं होतं आणि त्याचा कधी विचार केला नव्हता.

"डिस्क सापडली न्हाई," तृप्ती उभी राहून मोठ्याने म्हणाली. "पण शेवट मिळालाय. माझी एक मैत्रीण आहे, तिनं तिकडच्या माणसाला विचारलं."

मामांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "खुनी सांगू नको. हात जोडतो."

"खुनी न्हाई सांगत. बाकीचं सांगते. खुनी लाल बूट घालून जिना उतरतो."

"लाल?" गंधाली पुढे सरकली. "मग बहीणच. पहिल्या प्रसंगात तिच्याकडे लाल छत्री आहे."

"छत्री म्हंजे बूट का?" सोमेश्वर म्हणाला. "डॉक्टर पार्टीला आल्ता तवा त्याचे बूट दाखवलेच न्हाईत. का न्हाई दाखवले? विचार करा."

"डायवरला लाल बूट परवडतेत का?" मच्छिंद्र स्वतःशीच पुटपुटला. त्याच्या सिद्धांताला तडा गेला होता.

तिघेही तर्कच लढवत होते. तृप्तीने आतल्या दिशेला कान दिला. गाळणीचा आवाज थांबला होता.

"आणि ते पाळणागीत," ती म्हणाली, "शेवटपर्यंत पुरं होतच न्हाई म्हणे."

आत काहीतरी ओट्यावर जरा जोरात ठेवलं गेलं.

"हे पटत न्हाई," मामा कानावरचा एक हात काढून म्हणाले. "वाल्दानी असं करणार न्हाई."

"मामा, खरं सांगू? ती मैत्रीण म्हणाली, शेवट अगदीच फुसका आहे. म्हातारपणी जमला न्हाई त्याला. उगं उरकून टाकलाय."

पडदा सरकला. तारामामी हातात चहाचा ट्रे घेऊन रागारागाने बाहेर आली.

"फुसका?" ती म्हणाली. "कोण म्हणली ती? आंधळी हाय का? बूट कुठले लाल आले? पायात काही न्हाई. अनवाणी उतरतंय ते माणूस. एकेक ओळ म्हणतं आणि थांबतं. मला वाटलं आता कुणी किंचाळतंय, आता किंचाळतंय, तर कुणीच किंचाळत न्हाई. शेवटल्या पायरीवर गाणं पुरं होतं, मंग मुखवट्याला हात जातो. अंगावर काटा आला माझ्या. मी दोनदा बघितलं. आणि म्हणे उरकून टाकलाय."

एवढं बोलून तिने ट्रे ठेवला, आणि ठेवता ठेवता ती काय बोलून बसली ते तिला कळलं. 

"अनवाणी," सोमेश्वर हळूच म्हणाला. "मंग माळी असू शकतो. मी चुकलो राव."

"बहीण झोपेतून उठून येते," गंधाली कुजबुजली. "अनवाणी."

"तुम्ही गप बसा जरा," मामा म्हणाले. त्यांचा आवाज कोर्टातला नव्हता. "तारा, तू बघितलास?"

५. डब्यातला गोल

मामी आत गेली, वरच्या फळीवरून नंदाबाईचा डबा काढून आणला आणि मधल्या टेबलावर ठेवला. तृप्तीने झाकण उघडलं. पापडांच्या चळतीत, वरून थोड्या पापडांखाली, दोन प्लास्टिकच्या कागदांत जपून गुंडाळलेली डिस्क होती.

"शुक्रवारी तुम्ही माघारी यायच्या आधी लावली," मामी म्हणाली. "रिमोट काय अवघड हाय? इतके वर्स बघून राह्यले."

"पण तू तर म्हणतीस हे पिक्चर म्हंजे घाण. तू कधी बसत न्हाईस आमच्यात."

"बसले तर चहा कोण करणार? दारातून दिसतं की सगळं. 'सात सुया' मला न्हाई आवडला, नुसता रंग फासलाय. 'ट्राम' बरा हाय." मच्छिंद्र सरसावून बसला. "पण 'मोर' तो 'मोर'. आणि त्या पार्लरात मी बी बसल्ते की तुमच्या बाजूला. मला माहीत करून घ्यायचं न्हवतं का, खुनी कोण ते?"

मामा तिच्याकडे वळले. "तू तर डोळ्यांवर पदर घेऊन बसल्तीस."

"पदरातून सगळं दिसतं," मामी म्हणाली.

तृप्तीला आपल्या जाड शालीची उगाच लाज वाटली.

"बरं, बघितलीस," मामा म्हणाले. "मंग लपवलीस कशाला? मला सांगायचं. आपण दोघं बसून बघितली असती."

आता मामीचा आवाज बदलला. "गुरुवारी ते पाकीट उघडलं तवा काय बोललात तुम्ही? काल काय बोललात? हे बघितलं की डोळे गेले तरी चालतील. तृप्ती सांगत होती, सोमेश्वरला म्हणलात, सुटलो. असं बोलून कुणी दवाखान्यात जातं का? घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत न्हाई, 'येतो' म्हणतो. हातावर दही ठेवतो. कशासाठी? माणसाचं ध्यान माघारी असावं म्हणून. तुमच्या मागं काही बाकीच ठेवलं न्हाई तर तुमचे डोळे कशाला येतील माघारी? बघायचं काय राहतंय त्यांना? मला बघितलंच की चाळीस वर्स."

मामीने पदराने तोंड पुसलं.

"शेवट लय चांगला हाय," ती म्हणाली. "फुसका असता तर आजच दाखवला असता. एवढा चांगला हाय म्हणून लपवला."

मामांनी चाचपडत हात पुढे केला. त्यांना डिस्क हवी असेल असं वाटून तृप्तीने ती पुढे केली. पण त्यांना मामीचा हात हवा होता. तो सापडल्यावर त्यांनी डिस्क तिच्या हातात ठेवली.

"पापडातच ठेव," ते म्हणाले. "ओल लागणार न्हाई."

मग मंडळाने चहा घेतला. तो गार झाला होता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गंधालीने मामीला कोपऱ्यात गाठून विचारलं, सोमेश्वरने एक पोतं मोसंबी कबूल केली, मच्छिंद्रने नोकरीची पर्वा न करता जन्मभर फुकट प्रवास देऊ केला. मामी कुणाला काही सांगेना.

६. निघताना

बुधवारी सकाळी सोमेश्वरची गाडी खाली येऊन उभी राहिली. मामीने मामांच्या तळहातावर दही ठेवलं. मामांनी ते चाटलं, चपला घातल्या आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबले. त्यांनी पाळणागीताची शिट्टी मारली. तीन ओळी आणि चौथीचं निम्मं. मग थांबून वाट बघितली.

मामी ओठ मिटून उभी होती. तृप्तीला दिसत होतं, ते सूर तिच्या जिभेच्या टोकावर आले होते.

"एवढं तर सांग," मामा म्हणाले. त्यांचा संशय चाळीस वर्षं एकाच माणसावर होता, पियानो दुरुस्त करायला येणाऱ्या त्या आंधळ्यावर. तो आंधळा नाहीच, असं त्यांचं म्हणणं. "माझा अंदाज बराबर होता का?"

"येऊन बघा," मामी म्हणाली.

"येतो," मामा म्हणाले, आणि तृप्तीचा खांदा धरून जिना उतरले.

डॉक्टरांच्या 'करून बघू'ला यश आलं. पुरतं नाही. डावा डोळा वाचला, उजव्याला उजेडच राहिला, पण एका डोळ्यालाही सिनेमा पुरतो. पट्टी निघून विश्रांती संपल्यावरच्या रविवारी पिवळं मंडळ पुन्हा भरलं. पडदे ओढले, प्लास्टिकवरचं उडदाचं पीठ फुंकून डिस्क काढली, तृप्तीने मामीकडून एक विरळ साडी मागून घेतली आणि 'राखाडी मोर' सुरू झाला.

खुनी कोण ते इथे छापता येणार नाही, मामीने सगळ्यांना शपथ घातली आहे. एवढंच सांगतो की तो जिना उतरायला लागला तेव्हा साडी तृप्तीच्या डोक्यावरून खांद्यावर आली होती, मामांचा हात मामीच्या हातात होता, आणि चौथी ओळ अख्खी ऐकू आल्यावर मामांनी लहान मुलासारखा हुंदका दिला. सिनेमा संपल्यावर सगळे एकदम भांडायला लागले.

भांडून घसे कोरडे पडले तेव्हा सगळ्यांनी सवयीने आतल्या पडद्याकडे बघितलं. आत कुणीच नव्हतं. मामी पहिल्या रांगेत बसून सोमेश्वरला त्याचं कुठे चुकलं ते समजावून सांगत होती. त्या रविवारी चहा कुणालाच मिळाला नाही.